‘सिंगल फेज’मधल्या मुंग्या

१

जिक्रानं सिंथेसायझरची पट्टी दाबली आणि आवाजाऐवजी मुंग्या बाहेर आल्या.

दोन पट्ट्यांमधल्या फटीतून लाल मुंग्यांची रांग वर चढली आणि तिच्या बोटावरून मनगटाकडे निघाली. तिनं हात झटकला तर बोट पट्टीला चिकटलेलं. दुसरी पट्टी दाबली, ती खाली गेली ती वर आलीच नाही. मशीनचा खालचा पत्रा खोलला तेव्हा आतलं सगळं नारिंगी चिकट्यात लडबडलेलं. त्यात असंख्य मुंग्या मरून पडल्या होत्या, आणि जिवंत होत्या त्या मेलेल्यांना तुडवत पुढचं खात होत्या. एक झुरळ उताणं पडून अजून पाय हलवत होतं. शी, नुसतं सांगतानाही अंगावर काटा येतो.

जिक्रानं आपल्या खालाला, म्हणजे मावशीला, फोन लावला.

जाहिदाबी नांदेडातच राहायची. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात तिची हयात गेली होती. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, उलटलेले ट्रक हेच तिनं आयुष्यभर बघितलं. माणूस आपल्या नुकसानीशेजारी उभा राहून जेवढं खोटं बोलतो तेवढं कोर्टातही बोलत नाही, असं तिचं मत झालेलं. नोकरी संपली, पण लोकांची किळस काही संपली नव्हती.

जुन्या मोंढ्यात रंगाच्या दुकानावरच्या माडीवर रविकिरणचा स्टुडिओ होता. रविकिरण मूळचा बिलोलीचा. एरवी निवडणुकीची गाणी आणि लग्नाच्या ध्वनिफिती करून पोट भरायचा. या उन्हाळ्यात मात्र लातूरच्या ‘उष्माघात’ या रॉक बँडनं आपला पहिला अल्बम त्याच्याकडे रेकॉर्ड केला. नाव ‘सिंगल फेज’, खेड्यातल्या अपुऱ्या विजेवरून. त्यात गिटार तोंडी लावण्यापुरती, बाकी सगळा डोलारा सिंथेसायझरवर. विजेच्या जळत्या डीपीची घरघर, पाण्याविना फिरणाऱ्या मोटारीचं रडणं, लाइट गेल्यावर मंद होत जाणारा पंखा, असले आवाज जिक्रानं त्या मशीनच्या पोटात तयार करून ठेवले होते. मशीन तिचंच. हैदराबादच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं, तिच्यापेक्षाही वयानं मोठं. पुढच्या आठवड्यात लातूरला अल्बमचं प्रकाशन होतं.

जाहिदाबी जिना चढून आली तेव्हा चौघंही खोलीत होते. जिक्रा खुर्चीवर, हात मांडीत धरून. रविकिरण दाराशी. ड्रम वाजवणारा यासेर भिंतीला टेकून, नजर जमिनीकडे. आणि गायक उमाशंकर, बँडचा म्होरक्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलायला मधाळ. बातमी कळताच तो लातूरहून निघून आला होता.

"मॅडम, सांगायला लाज वाटायलीय," तो म्हणाला. "हे आमच्या अव्वाचं काम हाय. खंडेनवमीला तिनं इथं वाद्यांची पूजा केली. पंचामृत सांडलं असंल. तिला यंत्रातलं काय कळतंय?"

"तिनं सांगितलं तसं?"

"विचारा की तुम्हीच." त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

लातूरहून त्याच्या आईचा, गौरम्माचा, आवाज आला. "हाव बाई. माझ्याच हातनं सांडलं. पोरीला म्हणावं, माफ कर."

उमाशंकरनं मान हलवत उसासा टाकला. जाहिदाबी मशीनवर वाकली आणि तिनं नाक लावून वास घेतला.

एकदा अहमदपूरजवळ उलटलेल्या दुधाच्या टँकरची पाहणी तिनं केली होती. तो आंबूस वास पुढं कितीतरी धुण्यांत तिच्या साडीतून गेला नव्हता. इथं तर बंद खोली, ऑक्टोबरचं ऊन, आणि खंडेनवमीपासून दसरा उलटेपर्यंत कुणी दार उघडलेलं नाही, असं जिक्रानं फोनवर सांगितलेलं. दूध-दही सांडलं असतं तर जिन्यातच ओकारी आली असती. मशीनला वास येत होता तो नुसता गोड, संत्र्याच्या गोळीसारखा.

म्हणजे गौरम्मा धडधडीत खोटं बोलली होती.

२

बाकीच्यांना जाहिदाबीनं खाली चहाला पिटाळलं आणि भाचीसमोर बसली.

"रडू नको. आधी सांग, या डब्यात असं होतं तरी काय?"

"माझे आवाज, खाला. सगळे. जुनं मशीन आहे, आतलं आतच राहतं. बाहेर कुठं उतरवून ठेवायचं म्हणून रोज म्हणत होते, आणि रोज राहत होतं."

"मग अल्बम बुडाला?"

"नाही ना. गाणी तर कधीच रेकॉर्ड झाली. अल्बमला काहीच झालं नाही."

जाहिदाबीनं भुवया वर केल्या. नुकसान कुणाचं झालं हे सगळेच विचारतात. कुणाचं झालं नाही, हे विचारायची तिला सवय होती.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. पुण्याची एक संगीत कंपनी अल्बम ऐकून खूश झाली होती. प्रकाशनाला त्यांचा माणूस लातूरला येणार होता. त्यांना गाण्यांपेक्षा आवाज आवडले होते, आणि ते आवाज ज्यानं बनवले त्याला पुढच्या कामासाठी पुण्याला न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. अल्बमवर मात्र जिक्राचं नाव ‘सहाय्य’ म्हणून होतं.

"सहाय्य? मग बनवले कुणी?"

"उमाशंकर म्हणतो, त्यानं सांगितलं आणि मी फक्त बटणं फिरवली. यासेर आणि रविकिरण मध्ये पडत नाहीत. त्यांनी मला इथं मशीनवर बसलेलं बघितलंय, पण कल्पना कुणाची हे त्यांना कसं कळणार? म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितलं, की लातूरला मशीन नेणार आणि कंपनीच्या माणसापुढं उघडणार. यातले निम्मे आवाज मी बँडमध्ये यायच्या आधीचे आहेत, खाला. मशीनमध्ये आवाजाबरोबर तारीख राहते. त्या तारखांना मी उमाशंकरचं तोंडही बघितलं नव्हतं."

"हे तू कधी बोललीस?"

"पूजेच्या आदल्या दिवशी. इथंच, सगळे असताना."

म्हणजे कुणीतरी हे शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी हसत पूजेला उभं राहिलं, प्रसाद खाल्ला आणि मग हे केलं. पोरीच्या हातात आता दाखवायला काही राहिलं नव्हतं. तिचं नाव त्या मुंग्यांनी खाल्लं होतं.

मग तिनं रविकिरणला वर बोलावलं. खरं सांगायचं तर तिचा पहिला संशय त्याच्यावरच होता. धंद्याची खोड, दुसरं काय.

"स्टुडिओचा विमा आहे?"

"हाय की. पावसाळ्यात छत गळालं तवा उतरवला." मग त्याला उमगलं. "मॅडम, तुम्ही माझ्यावर डाऊट घेऊन राहिल्या का? जिक्राचं मशीन माझ्या विम्यात न्हाईच. हे मेलं तर मला फुटकी कवडी मिळत न्हाई. उलट मुंग्या आता माझ्या मिक्सरकडं चालल्या."

ते खरं होतं. मुंग्यांची एक रांग टेबलाच्या पायावरून मिक्सरकडे निघालीच होती.

"पूजेच्या दिवशी काय काय झालं ते सांग."

त्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला. सगळी वाद्यं मांडलेली. सिंथेसायझर मधोमध, त्यावर झेंडू, बेलाची पानं, एक पांढरी वडी. शेजारी चांदीची वाटी आणि घडी घातलेला कोरा खण. मागं गौरम्मा पदर सावरून उभी, आणि एका बाजूला उमाशंकर, दुसऱ्या बाजूला यासेर.

"पूजा झाली, तीर्थ घेतलं, आणि समदे खाली जेवायला गेलो. पूजा दसऱ्यापर्यंत तशीच ठेवायची असती, वाद्याला हात लावायचा न्हाई. दसऱ्याला येऊन मी उतरवायची होती. पण मी बिलोलीला जाऊन झोपलो, आलोच न्हाई. त्यापायी ती वाटी भरलेलीच राहिली. आज सकाळी मीच गटारात ओतली. असला घाण वास सुटला होता, बापरे."

"भरलेली होती?"

"काठोकाठ."

जाहिदाबीनं ते मनात ठेवलं. "आणि ही पांढरी वडी? ही कुठं गेली?"

रविकिरणनं फोटो जवळ घेतला. "हा खडू? कुणाला म्हाईत. मी समजलो गौरम्माकाकूंनी वाद्यावर नाव लिहायला आणला. पडला असंल कुठंतरी."

पण पडलेला नव्हता. सकाळी दार उघडलं तेव्हापासूनच झेंडू जमिनीवर फेकलेले होते, बेलाची पानं पायाखाली आलेली होती, आणि तो खडू मात्र खोलीत कुठंच दिसत नव्हता.

३

यासेर वर आला तो आधीच चिडलेला. लातूरच्या गंजगोलाईत त्याच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान. उमाशंकर आणि तो पहिलीपासून एका बाकावर बसलेले.

"मला म्हाईत हाय तुम्ही काय इचारणार," तो म्हणाला. "जिक्राच्या मशीननं माझे ड्रम खाल्ले. आठ गाण्यांत माझी काठी दोनच गाण्यांत वाजती. भांडलो मी तिच्याशी, हाव. तोंडावर भांडलो. पण असलं हलकट काम करायला मी काय मेलोय?"

"जेवताना वर कोण कोण आलं होतं?"

"आम्ही तिघंबी. एकेकटे. रविकिरण मेन स्विच बंद करायला. मी हेल्मेट आणायला, आणि उमा काकूंची शाल आणायला. काकूबी चष्मा राहिला म्हणून उठल्या होत्या, पण त्या जिन्यातनंच लगेच परत आल्या वाटतं."

"प्यायला काय होतं जेवणाला?"

"संत्र्याचं थंडं. बाटल्या जिन्यातच ठेवल्या होत्या."

झालं. ज्याला पाहिजे त्यानं जाता-येता बाटली उचलावी. तिघांनाही वाट मोकळी, तिघांनाही वेळ पुरेसा. जाहिदाबीनं तोंड वाकडं केलं.

"गौरम्मा तुला कशी वाटते?"

यासेर जरा निवळला. "माझी आई शिफ्टला असायची तवा मी त्यांच्याकडंच जेवायचो. ईदला माझ्या आधी त्यांना शिरखुर्मा लागतो. उमाला मारायच्या आणि मला मारायच्या, फरक केला न्हाई कधी. त्या असं सांडतील आणि सांगणार न्हाईत, हे मला पटत न्हाई."

आता आली का पंचाईत. म्हातारी कुणाला तरी पाठीशी घालत होती हे उघड होतं. पण ते पोटच्या पोराला की पदराखाली वाढलेल्या या पोराला? हिंदूच्या पूजेत मुसलमानाच्या पोरानं वाद्य नासवलं असा बोभाटा झाला तर बँडचं काय होईल, हे कळण्याइतकी गौरम्मा शहाणी होती. यासेरसाठीही ती खोटं बोलली असती.

"तिथं मशीनवर एक पांढरी वडी होती," जाहिदाबी म्हणाली. "तू बघितलीस?"

"बघितली. काकू म्हणल्या, हिला कुणी हात लावू नका. मी न्हाई लावला. काय असतंय ते मला ठाऊक न्हाई."

जाहिदाबीला मात्र ठाऊक होतं. लहानपणी तिच्या गल्लीत लिंगायतांची घरं होती, आणि शेजारच्या आज्जीच्या देवळीत तशी वडी असायची. ती विभूती. कपाळाला लावायचं भस्म. जमिनीवर ठेवायची नाही, खरकट्या हातानं शिवायची नाही.

तिनं खुर्ची ओढली आणि वर चढली. रविकिरणच्या वायरींच्या कपाटावर सगळ्यांत उंच जागी पूजेतलाच कोरा खण घडी घालून ठेवला होता. तो तिनं उलगडला. आत विभूतीची वडी, एक कोपराही न फुटलेली.

खुर्चीवर उभ्या उभ्याच तिला किळस आली, इतकी की तिनं डोळे मिटले. कितीतरी दुकानदार तिनं बघितले होते, ज्यांनी विम्यासाठी स्वतःच्या हातानं दुकान पेटवलं. कापड जळायचं, फर्निचर जळायचं, एकदा तर वरच्या माळ्यावर झोपलेला नोकर भाजला. पण देवाचा फोटो कधी जळायचा नाही. पेटवणारा माणूस तो आधी बाहेर काढून ठेवायचा. जाहिदाबी कागदांआधी फोटोच शोधायची.

"खाला, काय सापडलं?" जिक्रानं विचारलं.

"लातूरला चल," जाहिदाबी म्हणाली. "मला त्या बाईचं तोंड बघायचंय."

४

प्रकाशनाच्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. अहमदपूरला बस थांबली, चाकूरला थांबली, जाहिदाबीनं कुठंच चहा घेतला नाही. लातूरच्या स्टँडवर उतरल्या तर समोरच्या खांबावर पोस्टर. उमाशंकरचा मोठा फोटो, डोळे मिटलेले, हात कानाशी. खाली लिहिलेलं, ‘सिंगल फेज. शब्द, संगीत आणि ध्वनिरचना उमाशंकर.’ जिक्राचं नाव शोधायला जाहिदाबीला चष्मा लावावा लागला. सगळ्यांत खाली, हॉल देणाऱ्यांच्या आणि साउंडवाल्याच्या मध्ये.

"हे कधी छापलं?" तिनं पोस्टर चिकटवणाऱ्याला विचारलं.

"नवरात्राच्या आधीच आलेत की बाई. लावायलेत आता."

गौरम्माचं घर भुसार दुकानाच्या मागं होतं. ठेंगणी, गोरी बाई, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. जिक्राला बघताच तिनं डोळ्याला पदर लावला, आणि मग दोघींना बळंच उप्पीट खायला बसवलं.

"किती सांडलं पंचामृत?" जाहिदाबीनं सरळच विचारलं.

"अर्धी वाटी असंल."

"रविकिरणनं वाटी भरलेली ओतली. काठोकाठ."

गौरम्मानं उप्पिटाचं पातेलं झाकलं.

"आणि मशीनमध्ये दूध-दही नाहीच. संत्र्याचं थंडं आहे. तुम्ही कुणाला झाकताय? यासेरला?"

"त्याचं नाव घिऊ नका," गौरम्मा ताडकन म्हणाली. "ते लेकरू तोंडानं फाटकं हाय, मनानं न्हाई. त्यानं केलं म्हणाल तर मी दारात उभं करणार न्हाई तुम्हाला."

बाई खवळली होती, पण घाबरली नव्हती. जाहिदाबीनं ते नीट बघून घेतलं. मग पाण्याचा घोट घेऊन, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुमची विभूती सुखरूप आहे हं. कुणीतरी खणात गुंडाळून उंचावर ठेवली होती. जराही ओल लागली नाही तिला."

गौरम्माचा हात गळ्यातल्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला. ती उठली, देवघरात गेली आणि तिनं आतून कडी घातली. या दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या, पण दार काही उघडलं नाही.

५

संध्याकाळी हॉल भरला. कॉलेजची पोरं, व्यापारी, उमाशंकरचे नातेवाईक. पुण्याच्या कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. स्टेजमागच्या खोलीत बँड तयार होत होता. जाहिदाबी आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"कार्यक्रमाआधी बोलायचंय. यासेर, रविकिरण, तुम्ही पण थांबा."

उमाशंकर आरशासमोर होता. "बोला की मॅडम. पण अव्वाला आणखी त्रास नको. मी आधीच सांगितलंय, चूक तिची हाय."

"पूजेनं मशीन मेलं असं दाखवायचं होतं," जाहिदाबी म्हणाली. "त्यासाठी पंचामृताची भरलेली वाटी हाताशीच होती. ती उपडी केली असती तर मीसुद्धा फसले असते. पण करणाऱ्यानं तीर्थाला हात लावला नाही. जिन्यातली बाटली आणून ओतली. का? कारण देवाचं तीर्थ असल्या कामाला वापरायची त्याची छाती झाली नाही."

यासेरनं हातातल्या काठ्या खाली ठेवल्या.

"ओतायच्या आधी त्यानं मशीनवरचं सगळं फेकलं. फुलं फेकली, बेल फेकला. विभूती तेवढी कोऱ्या खणात बांधून उंचावर ठेवली. रविकिरण तिला खडू समजतो, त्यानं खडू खणात कशाला बांधला असता? यासेरला ती काय असते हे माहीतच नाही. लहानपणापासून जो ती कपाळाला लावतो, त्यालाच ती खाली ठेववत नाही. वर गेलेल्या तिघांत असा एकच आहे. अल्बमवर आवाजांचा धनी म्हणून ज्याचं नाव छापलंय तोही तोच, आणि पोस्टरं नवरात्राच्या आधीच आलेली. मशीन लातूरला आलं असतं तर ती सगळी फाडावी लागली असती."

उमाशंकर हसला. छान हसला. "गोष्ट चांगली हाय. पुरावा?"

जाहिदाबीकडे पुरावा नव्हता. आणि हे त्याला कळलेलं होतं.

दार उघडून गौरम्मा आत आली. लेकाच्या प्रकाशनाला म्हणून इरकल नेसलेली, पण डोळे सुजलेले.

"ये अव्वा, बरी आलीस," उमाशंकर म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "ह्यांचा माझ्यावर इश्वास न्हाई. तू लिंग हातात घे आणि सांग, तुझ्याच हातनं सांडलं म्हणून. लगेच मिटतंय समदं."

यासेरच्या तोंडून शिवी गेली. रविकिरणनं मान फिरवली. विभूतीला ओल लागू दिली नाही या माणसानं, आणि आईला खोट्या शपथेच्या चिखलात उभं करताना त्याचा आवाजसुद्धा बदलला नाही. जाहिदाबीनं आयुष्यात बरीच घाण बघितली होती, पण असली नव्हती.

गौरम्मानं डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती.

"मी सांडलं न्हाई," ती म्हणाली.

"अव्वा."

"चष्म्यासाठी वर गेले, तर दार अर्धं उघडं. ह्यानं विभूती खणात बांधली, डोळ्याला लावली आणि वर ठेवली. मग बाटली उघडून हळूहळू ओतली. झाडाला पाणी घालावं तशी. मी तशीच खाली आले. वाटलं, माझ्यावर आलं तर येऊ दे. म्हातारीला कोण काय म्हणतंय."

"माझं वाटोळं केलंस तू," उमाशंकर पुटपुटला.

"हाव, केलं. ह्यो आळ मी जन्मभर वागवला असता, लेकरा. पर तू मला देवापुढं खोटं बोलाय लावलंस. तेवढं व्हत न्हाई माझ्यानं."

यानंतर माणूस खाली मान घालेल असं तुम्हाला वाटेल. छे. उमाशंकर दोन पावलांत जिक्रापाशी गेला, हात जोडले, डोळ्यात पाणी आणलं. "बहीण हाय तू माझी. नाव घाल, वर घाल, माझ्या आधी घाल. पर बाहेर बोलू नको. त्या पुण्याच्या माणसासमोर तर अजिबात नको."

जाहिदाबी काही बोलणार होती, पण जिक्रानं तिला थांबवलं.

"रविकिरण, लॅपटॉप उघड," जिक्रा म्हणाली. "अल्बम अजून नेटवर चढवला नाहीस ना? ‘सहाय्य’ खोड. ध्वनिरचना, जिक्रा जिलानी. शब्द, संगीत आणि गायन त्याचं राहू दे. ते त्याचंच आहे."

रविकिरणनं तिथल्या तिथं बदललं. तिनं स्वतः वाचून बघितलं आणि मगच त्याला अल्बम चढवू दिला.

कार्यक्रम झाला. बाहेर एवढी माणसं बसलेली, करणार काय. मशीन नव्हतंच, त्यामुळं जिक्राचे आवाज रेकॉर्डवरून वाजले. जळत्या डीपीची घरघर हॉलभर पसरली तेव्हा पोरं उभी राहिली. उमाशंकर गायला आणि चांगला गायला, हेच जाहिदाबीला सहन होईना. असल्या माणसाचा गळा तरी खराब असावा की नाही?

शेवटच्या गाण्याआधी त्यानं माइक जवळ घेतला. आवाज भरून आलेला.

"हे सगळे आवाज माझ्या बहिणीनं केलेत," तो म्हणाला. "नांदेडच्या जिक्रानं. लई साधी पोरगी, कुणाला ठाऊक नव्हती. मी म्हणलं, हिचं नाव वर आलंच पाहिजे. मी तिला पुढं आणलं, ह्याचा मला अभिमान हाय."

टाळ्या पडल्या, अशा की थांबेनात. कुणीतरी मागून ‘वा भाऊ’ म्हणालं. मागच्या रांगेत बसलेल्या जाहिदाबीनं तोंडाला रुमाल लावला. शेजारी जिक्रा दगडासारखी बसून होती.

पहिल्या रांगेतला पुण्याचा माणूस टाळ्या वाजवता वाजवता उठला आणि मागं वळून बघू लागला. "जिक्रा कोण? इथं आहेत का त्या?"

त्याच्या शेजारून गौरम्मा उठली. टाळ्या ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि हॉल शांत झाल्यावर तिनं मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ती बघा, ती बसलीय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण स्टेजवर माइक धरून उभ्या असलेल्या तिच्या पोरापर्यंत नीट पोचला. "समदं तिनंच केलंय. आणि तिला कुणी पुढं आणलं न्हाई. तिची ती आली."